पाच आकडे छापायला काय जातं?

"मी राउटर घेतला," असं मध्यंतरी ऑफिसात सांगितलं, तर शेजारच्या डेस्कवरून लगेच प्रश्न आला, "का रे, वायफाय स्लो झालंय?" घरी फोन केला तर आई म्हणाली, "अरे मागच्याच वर्षी नवीन बसवला होतास ना?" तेव्हा मंडळी, आधीच खुलासा करतो. हा तो राउटर नव्हे. हा लाकडावर चालणारा राउटर. एक उभी मोटर, तिच्या खाली सपाट बेस, बेसच्या मधोमध भोक आणि त्या भोकातून खाली डोकावणारं, मिनिटाला दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत फेऱ्या मारणारं पातं. फळीत खोबण पाडायची, कडा गोल करायची, बिजागरीसाठी खाच काढायची, सगळं याचं काम. आपल्या सोसायटीत कुणाच्या फ्लॅटचं फर्निचर चालू असताना दुपारी एक ते चार जो किंचाळणारा आवाज येतो आणि आपण वर्क फ्रॉम होमच्या कॉलवर स्वतःला म्यूट करतो, तो बहुतेक वेळा यालाच असतो.

मला हे मशीन मिळालं अडीच हजारांत. टीममधला एक जण ऑनसाइटला निघाला होता, त्याने जाताजाता गळ्यात मारलं. मशीन ठणठणीत. मोटर मस्त. फक्त "दोन-चार छोटे पार्ट हरवलेत, ते कुठेही मिळतील," असं तो म्हणाला. आपण तरी काय, प्रोजेक्ट हॅंडओव्हर घेताना "डॉक्युमेंटेशन थोडं बाकी आहे" या वाक्यावर विश्वास ठेवणारी माणसं! ठेवला विश्वास.

ते दोन-चार छोटे पार्ट शोधण्यात माझे पाच शनिवार गेले. हा लेख त्या पाच शनिवारांचा हिशेब आहे. आणि हो, रागाने लिहिलेला आहे.

आता हे छोटे पार्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण गंमत सगळी तिथेच आहे. राउटर हा स्वतः ठार आंधळा असतो. त्याला सरळ जाणं माहीत नाही, गोल जाणं माहीत नाही. नुसतं हातात धरून चालवला तर लाकडाच्या रेषांबरोबर वाहवत जातो. त्याला वाट दाखवतात ते गाइड. एक म्हणजे एज गाइड : दोन सळया आणि त्यांच्या टोकाला एक पट्टी. पट्टी फळीच्या कडेला टेकवली की खोबण कडेपासून ठरावीक अंतरावर, सरळ पडते. दुसरं म्हणजे टेम्प्लेट गाइड, म्हणजेच गाइड बुश : बेसच्या भोकात बसणारी एक धातूची कॉलर. पातं कॉलरच्या आतून खाली येतं, कॉलर साच्याच्या कडेला घासत जाते आणि साच्यासारखाच आकार कापला जातो.

यामागचं गणित सातवीतलं आहे. बुशच्या बाहेरच्या व्यासातून पात्याचा व्यास वजा करा, दोनने भागा. तेवढं अंतर सोडून साचा बनवा. बुश १७ मिलिमीटरचा आणि पातं ६ मिलिमीटरचं, तर अंतर साडेपाच. किचनचे ओटे जोडायचे युरोपियन साचे मिळतात, ते ३० मिलिमीटरचा बुश आणि १२.७ मिलिमीटरचं पातं धरून बनवलेले असतात. तिथे अंतर ८.६५. हे सगळं तेव्हाच जमतं जेव्हा बुश पात्याच्या अगदी मधोमध असतो. तो अर्धा मिलिमीटर जरी सरकलेला असला, तर एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ६ मिलिमीटर. जोड उघडा पडलाच म्हणून समजा.

म्हणजे बघा, मोटर फिरवणं ही या यंत्रातली सोपी गोष्ट. मोटर काय, मिक्सरमध्येपण असते. यंत्राला अक्कल देतात ते गाइड. आणि नेमके तेच एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीला बसत नाहीत, आणि बसतील की नाही हे विकत घेण्याआधी कळायची सोयही नाही.

पहिल्या शनिवारी गेलो बोहरी आळीत. पुण्यात जे बोहरी आळीत मिळत नाही ते अस्तित्वातच नसतं, अशी माझी तोवर श्रद्धा होती. मशीन पिशवीत घालून घेऊन गेलो होतो.

"काका, याला बसेल असं टेम्प्लेट गाइड आहे का?"

काकांनी मशीन उलटं केलं, भोकात बोट घालून पाहिलं (मायक्रोमीटर!) आणि विचारलं, "कुठल्या मॉडेलचं?"

"याच. भोक साधारण सव्वा इंचाचं आहे."

"तसं नाय चालत साहेब. कंपनीचं घ्यावं लागेल. कंपनीचं सुटं येत नाय."

"मग?"

"मशीन नवीन घ्या. त्याच्यात येतं सोबत."

आता बोला! तीस रुपयांचा धातू असलेली कॉलर नाही, म्हणून चालू मशीन टाका आणि नवीन आणा. टायरचा व्हॉल्व गेला, नवी गाडी घ्या. त्या काकांचा यात काही दोष नाही हं. त्यांच्याकडे फळीभर सुटे गाइड पडलेले होते, पण कुठला कशाला बसतो हे लिहिलेलं कुठेच नव्हतं. ते बिचारे अंदाजाने धंदा करतात. अंदाज चुकला की माल परत येतो आणि नुकसान त्यांचं.

दुसरा शनिवार इंटरनेटवर. तिथे तर डोक्याची मंडई झाली. अमेरिकेत निदान एक पद्धत रूढ आहे. पोर्टर-केबल कंपनीची जुनी मापं : बेसला १-३/१६ इंचाचं भोक, त्याला १-३/८ इंचाची पायरी, बुश खालून बसवायचा आणि वरून रिंग आवळायची. इतर कितीतरी कंपन्यांचे बुश याच मापात मिळतात. बॉशची स्वतःची झटपट बसणारी वेगळी पद्धत आहे, आणि पोर्टर-केबल पद्धतीचे बुश त्यावर लावायला वेगळा अडॅप्टर मिळतो. युरोप-जपानकडच्या बऱ्याच मशीनना दोन स्क्रूंनी धरलेला बुश लागतो. त्या दोन स्क्रूंमधलं अंतर ज्याचं त्याचं. एज गाइडच्या सळया कुणाच्या ८ मिलिमीटरच्या, कुणाच्या १०, कुणाच्या १२. सळई सारखी निघाली तर दोन सळयांमधलं अंतर वेगळं. एका हातात मावणाऱ्या छोट्या ट्रिमरमध्ये तर मोटरचं अंगच वेगळं : मकिताच्या आरटी ०७०१ चं ६५ मिलिमीटर, डिवॉल्टच्या ६११ चं ६९. हे आकडे मला कुठून कळले असतील? कंपन्यांच्या माहितीपत्रकातून? छे! घरी सीएनसी बनवणाऱ्या हौशी लोकांनी कॅलिपर लावून मोजले, त्यातून. कंपनीचं माहितीपत्रक वॅट सांगतं, वजन सांगतं, फेऱ्या सांगतं, पकड किती मुलायम आहे तेही सांगतं. भोक केवढं आहे तेवढं सांगत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हौशी माणसाचं रडगाणं आहे, दे सोडून. मीही सोडलं असतं. पण तिसऱ्या शनिवारी आमच्या सोसायटीत काम करणारे मिस्त्री भेटले.

मी कॉलेटविषयी विचारत होतो. कॉलेट म्हणजे पात्याचा दांडा पकडणारी चिरलेली नळी. आपल्या बाजारात ६ मिलिमीटर दांड्याची पाती मिळतात आणि पाव इंची दांड्याचीही मिळतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. फरक ०.३५. तसंच मोठ्या मशीनला १२ आणि १२.७. सुतारी बोलीत मात्र ६ मिलिमीटरही "दोन सूत" आणि पाव इंचही "दोन सूत". प्लायवुड घेताना हे ठीक आहे. पण राउटरचं कॉलेट अगदी थोडंच आवळलं जातं. पाव इंची कॉलेटमध्ये ६ चा दांडा घातला तर तो धरल्यासारखा वाटतो, धरलेला नसतो.

मिस्त्री म्हणाले, "टेप गुंडाळायची साहेब. बसतंय की."

"आणि सुटलं तर?"

त्यांनी डावा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे गेलेला एक जाड, पांढरा व्रण. "एकदा सुटलंय," म्हणाले.

काम चालू असताना दांडा हळूहळू खाली सरकला होता, पातं फळीच्या आरपार गेलं, मशीन उसळलं. दीड महिना हात बांधलेला. रोजंदारीवरच्या माणसाचा दीड महिना, म्हणजे दीड महिना पगार नाही. आपल्यासारखी सिक लीव्ह नसते त्यांना, पोर्टलवर अप्लाय करायला. मी विचारलं, मग ६ चं कॉलेट का नाही घेतलं? तर ते म्हणाले, "तीन दुकानं फिरलो. एकानं दिलं, ते बसलं नाय. खाडा करून किती फिरायचं?"

राग आला तो तेव्हा. चोवीस हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला ४००. सेकंदाला ४०० वेळा फिरणारं पातं चिकटपट्टीच्या भरवशावर चाललंय. का? तर कॉलेटची मापं आणि त्याचा पार्ट नंबर मशीनवर लिहायला कुणाला सुचलं नाही म्हणून. की सुचलं आणि टाळलं?

कंपन्यांची उत्तरं मला माहीत आहेत. कस्टमर केअरने मला ती अत्यंत नम्रपणे ऐकवली आहेत. पहिलं उत्तर : सुरक्षितता. "दुसऱ्या कंपनीचा पार्ट वापरल्यास वॉरंटी लागू राहणार नाही." छान! पण तुमचाच पार्ट तुम्ही सुटा ठेवत नाही, त्याचं काय? योग्य कॉलेट मिळालं नाही की माणूस काम थांबवत नाही, टेप गुंडाळतो. माहिती लपवण्याने सुरक्षितता येत नसते, हे आपल्या धंद्यात तर पोरासोरांनाही शिकवतात.

दुसरं उत्तर : प्रत्येक मशीनचं डिझाइन वेगळं, सगळ्यांना एकच माप लावलं तर नवं काही घडणारच नाही. हे जरा वजनदार वाटतं. म्हणून आता तुम्ही उठा आणि तुमच्या किचनच्या कपाटाचं दार उघडा. दाराच्या आतल्या बाजूला बिजागरीची गोल वाटी दिसेल. ती ब्लमची असो, हेटिकची असो की एबकोची, वाटीचं भोक ३५ मिलिमीटरचंच असतं. कपाटाच्या बाजूच्या फळीवर ओळीने भोकं असतील तर त्यांच्यातलं अंतर ३२ मिलिमीटर आणि भोक ५ मिलिमीटरचं. या कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या प्रतिस्पर्धी आहेत. पण भोकाचं माप एक ठेवल्याने बिजागरीतलं संशोधन थांबलं का? हळू बंद होणारी आली, जास्त कोनात उघडणारी आली. भोक तेच राहिलं. आणि खरी मजा पुढे आहे. वाटीच्या बाजूच्या दोन छोट्या स्क्रूंची जागा मात्र कंपनीगणिक वेगळी असते. एकाची ४५ आणि ९.५ मिलिमीटर, दुसऱ्याची ५२ आणि ५.५. पण यावरून कधी मारामारी होत नाही. का? कारण तो आकडा कॅटलॉगमध्ये चित्रासकट छापलेला असतो!

हा माझा सगळा मुद्दा. सगळ्यांनी एकच माप ठेवा असा हट्टसुद्धा मी सोडायला तयार आहे. वेगळं ठेवा, खुशाल ठेवा. पण छापा.

बरं, जमत नाही असंही नाही. युरोपात ड्रिल मशीनच्या मानेचं माप ४३ मिलिमीटर असं रूढ झालं, म्हणून एका कंपनीचं ड्रिल दुसऱ्याच्या स्टँडमध्ये बसू लागलं. मेटल कामातली ईआर कॉलेट घ्या. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्सने १९७० च्या दशकात आणली, पुढे डीआयएन ६४९९ म्हणून तिचं मानक झालं. आज ती कुणीही बनवतो आणि कुणाचीही बसते. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची, २० आट्यांचा, त्यालाही आयएसओचं मानक आहे. मोबाइल कंपन्यांनी वर्षानुवर्षं नाटकं केली, शेवटी युरोपियन युनियनने कायदाच केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला यूएसबी-सी सक्तीचं झालं. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. सुरुवातीला निवडलेली क्षेत्रं चार : शेतीची अवजारं, मोबाइल आणि तत्सम उपकरणं, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. चांगलंच आहे. पण ज्याच्या हातात रोज आठ तास पॉवर टूल असतं, त्या सुतार-फॅब्रिकेटरचं नाव त्यात नव्हतं.

आता एक कडू गोष्ट. बाजारात सुटे पार्ट खरे कशाचे मिळतात माहितीये? नकलांचे. मकिताच्या जुन्या ट्रिमरच्या इतक्या नकला निघाल्या की आज दुकानात "३७०३ टाइप" म्हटलं की डझनभर अनोळखी नावांची मशीनं समोर येतात, आणि यातल्या एकाचं कॉलेट, बेस, गाइड बऱ्याचदा दुसऱ्याला बसतं. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांनी जे सन्मानाने केलं नाही, ते नकलाकारांनी चोरून केलं. आमच्या मिस्त्रींकडचं नवं मशीन तेच आहे. "याचं सगळं मिळतंय," एवढंच कारण.

आपल्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला आणि त्याची तांत्रिक माहिती पुस्तकात छापली. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकने जुळणारं मशीन जाहीर केलं, मग रांगच लागली. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ बरोबर नवी, स्वतःच्या ताब्यातली मायक्रो चॅनेल पद्धत आणली. लोकांनी पाठ फिरवली. तुमच्या-माझ्या नोकऱ्या कुणीतरी कधीतरी छापलेल्या एका इंटरफेसवर उभ्या आहेत, हे विसरू नका.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आपलेही हात काही स्वच्छ नाहीत. "क्लायंटला डेटा एक्स्पोर्ट सहज करता येऊ नये," या अर्थाची रिक्वायरमेंट मी स्वतः, मान खाली घालून, कोड केलेली आहे. तेव्हा त्याचं नाव होतं "स्टिकीनेस". मिस्त्रींच्या हातावरचा व्रण बघितल्यावर हा शब्द तितकासा गोड वाटत नाही. आपण जिथे जिथे इंटरफेस झाकून ठेवतो, तिथे पलीकडे कुणीतरी टेप गुंडाळत बसलेला असतो.

तर माझी मागणी. मोर्चा नाही, फक्त पाच आकडे. खोक्यावर किंवा मशीनच्या बेसवर, छोट्या अक्षरात का होईना :

१. कॉलेट कुठल्या दांड्याचं आहे, ६ की ६.३५, १२ की १२.७, आणि त्याचा पार्ट नंबर.
२. बेसच्या भोकाचा व्यास आणि पायरीचं माप.
३. बेसच्या स्क्रूंच्या जागा आणि आटे.
४. एज गाइडच्या सळईचा व्यास आणि दोन सळयांमधलं अंतर.
५. मोटर बेसमधून निघत असेल तर तिच्या अंगाचा व्यास.

हे पाचही आकडे कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये आहेतच. नवं संशोधन नको, नवा साचा नको. शाईचा खर्च काय तो.

आणि आपण काय करायचं? विकत घेताना वॅट विचारणं थांबवायचं. "कॉलेट सुटं मिळतं का? गाइड सुटं मिळतं का? दाखवा," हे विचारायचं आणि नाही म्हटलं तर दुकानातून बाहेर पडायचं. घरी इंटिरिअर करून घेत असाल तर मिस्त्रींच्या मशीनकडे एकदा बघा. दांड्याला टेप दिसली तर दोन पाती योग्य मापाची आणून द्या. फॉल्स सीलिंगच्या एका दिव्याच्या किमतीत येतील.

माझं काय झालं? चौथ्या शनिवारी कॅलिपर घेऊन बसलो आणि बेसचं ड्रॉइंग काढलं. पाचव्या शनिवारी लेझर कटिंगवाल्याकडून तीन-तीन मिलिमीटरच्या दोन अॅक्रिलिक चकत्या कापून आणल्या. वरच्या चकतीला ३०.२ मिलिमीटरचं भोक, खालच्या चकतीला ३५ चं. एकावर एक चिकटवल्या की पोर्टर-केबल पद्धतीची पायरी तयार! स्क्रूंची भोकं मुद्दाम किंचित मोठी ठेवली, मग मधोमध पिन घालून बेस केंद्रात आणला आणि स्क्रू आवळले. तळ मूळच्यापेक्षा जाड झाल्यामुळे पात्याची खोली तीन मिलिमीटरने गेली, ती गेली. कॉलेट ६ चं, मोजून, लेथवाल्याकडून तपासून घेतलं. आता ऑनलाइन मिळणारा त्या पद्धतीचा कुठलाही बुश बसतो. पुस्तकांचं शेल्फ मात्र अजून व्हायचंय, पुस्तकं जमिनीवरच आहेत :-)

ड्रॉइंगची एक प्रिंट लॅमिनेट करून मिस्त्रींना दिली, त्यांच्या जुन्या मशीनची मापं घेऊन केलेलीही एक दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "साहेब, एवढंच होतं तर कंपनीवाले का देत नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणा कंपनीवाल्याकडे असेल तर त्याने द्यावं. पाच आकड्यांत दिलं तरी चालेल.